आतल्या खोलीतली उबेची जागा

१९ ऑक्टोबर

रांजण फोडले. मागच्या रांगेतले दोन वाचले, बाकी सगळे गेले. सोयाचं काळं पाणी अंगणभर, त्यात मिरचीचा लाल लेप. पायरीपर्यंत वाहत आलं. पहिल्यांदा मला रक्तच वाटलं.

घरमालकीण गाप्सुनआजीचा मुलगा सकाळीच आला होता, छोल्ग्यू. लाकडं फोडायची कुऱ्हाड उलटी धरलेली. बायको द्या म्हणाला. योन्सिल उन्हाळ्यात त्याच्या मारातून पळाली ती माहेरी न जाता थेट सासूकडे आली, हे त्याला सगळ्यात जास्त झोंबलंय. ती स्वयंपाकघरात तांदळाच्या पेटीमागे बसली होती. केसाला धरून ओढत आणली. ओठ फाटला. आजी मधे पडली तर त्याने जात्याची वरची तळी उचलून तिच्या अंगावर फेकली. आजीच्या कानाजवळून गेली, कागदी दार फाडून आतल्या खोलीत पडली. जमीन दणाणली.

तो आवाज ऐकून तो स्वतःच दचकला आणि निघून गेला.

बाजूच्या खोलीत सोल शहरातलं जोडपं उतरलं होतं. काल याच रांजणांचे फोटो काढत होते. आज पांढरे मोजे हातात घेऊन, टाचांवर चालत अंगण ओलांडलं. निरोपही नाही.

मी आठवड्याचं सदर संध्याकाळच्या आत पाठवलं. विषय — जुन्या घरात राहायला येताना जाड मोजे का आणावेत.

२० ऑक्टोबर

पोलिसांनी त्याला बसथांब्यावर धरलं. तो गुडघ्यावर बसून रडला. आजीला विचारलं, तक्रार? ती म्हणाली, घरातलं आहे. सोडला.

योन्सिलच्या ओठाला टाके. ती कण्हत नाही. याची मला जास्त भीती वाटते.

२३ ऑक्टोबर

सरपंच यांग आले, जमीन दुरुस्त करायला. गावात चुलीच्या धुराने खालून तापणाऱ्या दगडी जमिनी बसवणारं आता त्यांच्याशिवाय कोणी उरलेलं नाही. आजीच्या नवऱ्याचे जिवलग मित्र — आजीला अजून वहिनी म्हणतात आणि अजून तिच्या हातची दारू पिताना आदराने मान वळवतात.

आतल्या खोलीत जमिनीवरचा तेलकट कागद उचलला. चुलीकडच्या बाजूची, म्हणजे सगळ्यात उबेच्या जागेची फरशी आडवी तडकली होती. सरपंचांनी चुलीत ओला पेंढा पेटवला. फरशीखालून धुराड्याकडे जायचा धूर तड्यातून सरळ खोलीत आला. वहिनी, बरं झालं आधी बोलावलंत, असं ते म्हणाले. धूर दिसतो तोवर ठीक, निखारे झाले की विषारी वायू दिसत नाही, वासही येत नाही. त्यांचे थोरले भाऊ आणि भावजय असेच गेले. दोघांचे गाल गुलाबी होते, कोणाला मेल्यासारखे वाटेचनात.

आजी ऐकत होती. पेंढा कापून देत होती.

चिकणमाती, चुना, पेंढा. सरपंच आपल्या मातीवर फार खूश. “माझ्या नातवाच्या लग्नात यावर नाचा,” म्हणाले. नातू अजून रांगतोय. वर नवा कागद, त्यावर सोयाचं तेल. खोली पिवळीधमक झाली.

१ नोव्हेंबर

दारांना नवा कागद लावला. आजीने कडीजवळ दोन कागदांच्या मधे कॉसमॉसची फुलं दाबून चिकटवली. दरवर्षी करते. यंदा योन्सिलने एक फूल उलटं लावलं, देठ वर. आजी म्हणाली, “राहू दे. त्याच्याकडे बघून तू आहेस हे कळेल.” योन्सिल हसली. टाक्यांमुळे अर्धंच.

या घरात कुलूप नाही. आत झोपणाऱ्याने कडीत जेवणाचा चमचा खुपसायचा, झालं! योन्सिल पितळेचा, लांब दांड्याचा खुपसते. मी म्हटलं, कागदाच्या दाराला चमचा? ती म्हणाली, ताई, आवाज तरी होईल.

९ नोव्हेंबर

आवाज झाला.

दुपारी जेवणानंतर आला, विळा घेऊन. फाटकाशी कुत्रं त्याच्याकडे शेपूट हलवत गेलं — ते त्याला ओळखतं, त्यानेच आणलेलं. एका फटक्यात. मग दाराला लाथ. कागद, फुलं, लाकडी जाळी, सगळं आत. चमचा वाकला पण कडीतून सुटला नाही. कडीच चौकटीतून उपटून आली. योन्सिलचा हात त्याने गुडघ्यावर घेऊन मोडला, सरपणासारखा. आजी पायाला लटकली होती, तिला ओसरीवर झटकलं. तिचा दात पायरीवर सापडला नंतर.

माझ्या हाताशी कपडे बडवायचं दांडकं होतं. ते मी त्याच्या पाठीत घातलं. आयुष्यात कोणाला मारलं नव्हतं. पुन्हा घातलं. बरं वाटलं — हे इथेच लिहिते, इतरत्र लिहिण्यासारखं नाही.

तो वळला. रागावला नाही. “बाई, तुम्ही भाडेकरू आहात. खोलीत जा,” अगदी अदबीने म्हणाला. आणि योन्सिलला — “पुढच्या वेळी विळा कुत्र्यावर वाया नाही घालवणार.”

पाय धुवून गेला, आमच्याच विहिरीवर.

११ नोव्हेंबर

प्लास्टर. घराजवळ फिरकू नये असा त्याच्या नावे सरकारी कागद निघाला. त्याने तो चावून पोलिसांच्या पायाशी थुंकला म्हणे. मग पुन्हा रडला.

१६ नोव्हेंबर

दिवसभर पर्सिमॉनची फळं सोलली, वळचणीला वाळत टांगायला. योन्सिल एका हाताने दोरा धरत होती. आजी खाली बघत सोलत होती आणि एकाएकी बोलायला लागली. एरवी मी असं लिहून घेत नाही. हे घेतलं.

“त्याचा बाप मला याच खोलीत मारायचा. हा बाहेर ओसरीवर. बोटाला थुंकी लावून दाराच्या कागदाला भोक पाडायचा आणि डोळा लावून बसायचा. मी आतून तो डोळा बघायची. मला वाटायचं, रडतोय लेकरू. दुसऱ्या दिवशी भोकावर फूल चिकटवायची.” साल तुटू न देता तिने फळ पुरं केलं. “रडत नव्हता तो. शिकत होता.”

योन्सिलने तिच्या मांडीवर हात ठेवला. प्लास्टरचा.

मग आजी नेहमीच्या आवाजात म्हणाली की बाजूच्या खोलीचे पाहुणे बावीसला यायचेत त्यांना नाही म्हणून कळवायचं. त्या दिवशी नवऱ्याचा स्मृतिदिन.

१९ नोव्हेंबर

तिने छोल्ग्यूला बोलावलंय! स्वतः फोन करून. मी रागावले, आवाज चढला माझा. सरपंच धावत आले. तेही म्हणाले, वहिनी, डोकं फिरलंय काय. तिचं एकच — बापाचं पान मुलाशिवाय कोण मांडणार? सरकारी कागदाला नैवेद्य दाखवता येतो का?

योन्सिलला पोहांगला बहिणीकडे धाडलं. जाताना आजीने स्वतःचा गरम कोट तिच्या खांद्यावर टाकला आणि बटणं लावून दिली, एका हाताने जमत नव्हती म्हणून. मला म्हणाली, तुम्हीही देगूला जा. कचेरीत एकदा तोंड दाखवायचं म्हणत होतात ना.

म्हणत होते खरी.

दुपारी आतल्या खोलीत डोकावले तर गुडघ्यावर बसलेली, चुलीकडच्या कोपऱ्यात. हातात तो वाकलेला पितळी चमचा. काय करताय विचारलं.

“जुना गोंद खरवडतेय. नीट लागला नाही कागद.”

मदत करू?

“तुम्ही लिहा, बाई.”

दुरुस्त केलेल्या दाराच्या फटींवरही नव्या कागदाच्या पट्ट्या लावल्यात. चारही बाजूंनी, घट्ट. थंडी यंदा फार असं म्हणाली.

२२ नोव्हेंबर, देगू

कचेरीत गेले. संपादक म्हणाला, तुमचं सदर वाचताना पाठ शेकल्यासारखी वाटते. स्तुती होती.

आजीला फोन केला. त्याने मारलं तर नाही ना? नाही आला अजून, ती म्हणाली. पानाची तयारी चालली होती. माशाचं डोकं कुठल्या दिशेला ठेवायचं ते मला विचारलं. तिला ते माहीत असतं. नुसतं बोलायचं असेल.

२३ नोव्हेंबर

आजी गेली.

सरपंचांचा फोन. पहिल्या बसने आले. आतल्या खोलीचं दार पुन्हा मोडून अंगणात पडलेलं. मला वाटलं — संपवलीच त्याने. अंगणात त्याला बघितलं आणि दांडकं शोधायला लागले. सरपंचांनी धरलं मला. तसं नाही, धुराने, म्हणाले.

छोल्ग्यू ओसरीखाली मातीत बसला होता, ओकलेल्यात. त्याच्या बापाचा पांढरा झगा अंगात. जो येईल त्याला पहिल्यापासून सांगत होता, थांबतच नव्हता. मलाही सांगितलं.

तो पिऊन आला नव्हता. येताना नदीवर अंघोळ करून आला. पान मांडलं, वाकला, बापाला दारू ओतली. आजी बघत होती. मग जेवले. आजीने त्याचं अंथरूण चुलीकडे घातलं, उबेच्या जागेवर. तिथे तोच झोपायचा आजवर — ती जागा थोरल्यांची, पण या घरात बाप मेल्यापासून ती त्याने घेतलेली, आई दाराशी गारठ्यात. काल तो म्हणाला, आई, आज तू तिथे झोप. ती नको म्हणाली. फार नको म्हणाली. त्याला वाटलं, घाबरतेय. तेव्हा त्याने तिला काखेत हात घालून उचललं आणि नेऊन निजवलं.

“किती हलकी होती, बाई. एवढ्याशा माणसाला मी मारत होतो.”

ती वर बघत राहिली. म्हणाली, “उशीर केलास.” त्याला वाटलं, पानाला. मग म्हणाली, दार जरा उघड. तो म्हणाला, गारठशील, आणि सुटलेली पट्टी स्वतः अंगठ्याने दाबून बसवली. मग म्हणाली, तू तरी बाजूच्या खोलीत जा. तो म्हणाला, नाही, पायाशी झोपतो. दाराशी आडवा झाला. तिने आपलं पांघरूण त्याच्यावर फेकलं.

डोकं फुटतंय म्हणून जागा झाला. हाक मारली, उत्तर नाही. उठवेना म्हणून पडल्यापडल्या लाथांनी दार फोडलं. आईला पायाला धरून ओढत अंगणात आणलं. धूर लागलेल्याला पाजतात तसं मुळ्याच्या लोणच्याचं गार पाणी तिच्या तोंडात घालत होता, शेजारी येईपर्यंत. सगळं गालावरून ओघळून गेलं.

गाल गुलाबी होते.

२६ नोव्हेंबर

डोंगरावर नवऱ्याशेजारी ठेवली. तिला विचारलं असतं तर?

छोल्ग्यूने खांबावर कपाळ आपटून घेतलं, हाड दिसेपर्यंत. बायका कुजबुजत होत्या — एकदाच मुलगा म्हणून वागला, आणि त्याच दिवशी! योन्सिल आली, सासूला वाकून नमस्कार केला, मोडका हात गळ्यात बांधलेला. त्याने तिच्यापुढे जमिनीला डोकं टेकलं. ती त्याला वळसा घालून गेली. बसमध्ये बसली तेव्हा तिच्या अंगात आजीचाच कोट होता. आता येणार नाही.

मग त्याने सरपंचांना बघितलं. कबरीची माती अजून ओली होती. गळा धरून खाली पाडलं आणि छातीवर बसला. तुझी जमीन! तुझी माती! नाकावर, डोळ्यावर, पुन्हा डोळ्यावर. चौघांनी ओढून काढला. म्हाताऱ्याने हात वर केला नाही. तोंडातलं रक्त गिळत म्हणाले, असेल, बाबा. असेल.

घरी येताना मला म्हणाले, मी नीट लिंपली होती हो, बाई. पेंढा वहिनींनीच कापून दिला. तुम्ही होतात ना.

होते मी.

मला कोपऱ्यातला तो चमचा आठवला. आज सदर उशिरा गेलं. पहिल्यांदाच.

२९ नोव्हेंबर

सरपंच डोळा सुजलेला घेऊन आले. बघायचंच आहे म्हणाले. कागद उचलला. तड्यातली माती मुळापर्यंत कोरून काढलेली. कडेला चमच्याच्या टोकाच्या चंद्रकोरी — एकापुढे एक, नीट, घाई न करता केलेल्या. कपाटाखाली मातीचा छोटा ढीग करून ठेवलेला आणि तो वाकलेला चमचा. सरपंच माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्याकडे.

ओसरीवर पाऊल वाजलं. दार नसलेल्या चौकटीत छोल्ग्यू.

“काय निघालं?”

सरपंच उठले. गुडघ्याची माती झटकली.

“माती कच्ची राहिली होती,” म्हणाले. “चूक माझीच.”

चमचा त्यांच्या बाहीत होता.