झाकणावरचं कुंकू

मंगळवार, संध्याकाळ. मरोळ.

आग विझवायचे सिलिंडर आज साकीनाक्याहून भरून आले. सर्व्हिसवाला पाटकर म्हणाला, सगळे उघडले, जुनी पावडर काढून नवी भरली. हॉटेलचा चीफ इंजिनीअर मी, म्हणून कागदावर माझी सही घेतली आणि गेला.

मग किचनबाहेरचा सिलिंडर सहज बघितला. दसऱ्याच्या पूजेत त्याला मीच कुंकू लावलं होतं. बोट झाकणावरून खाली गळ्यापर्यंत ओढलं होतं. ती रेघ अजून अखंड. झाकण फिरवून काढलं, परत लावलं, तरी इतकी जुळते?

पाटकरला फोन केला. "अरे, कुंकू जरासुद्धा हललं कसं नाही?"

"देवाचं आहे ना साहेब, म्हणून सांभाळून उघडलं."

सांभाळून, म्हणे.

लॉबीतले दोन बघितले. तिथेही रेघ अखंड. उद्या त्याला बोलावतो, माझ्यासमोर एकेक उघडायला लावतो. पण डोक्यातून जात नाही ते वेगळंच. गेल्या वर्षीही त्यानेच भरले होते, आणि तेव्हा पूजा फक्त पंपरूमची झाली होती. सिलिंडरला कुंकू नव्हतंच. मग तेव्हा मी काय बघून सही केली?

सिलिंडरवर चिकटवलेलं नव्या तारखेचं लेबल बघून. दुसरं काय.