भोपळ्याचं सूप

दादा,

ओट्यावरच्या पातेल्यात भोपळ्याचं सूप आहे, पण ते मी केलेलं नाही. शिंप्यामागच्या गल्लीत एक बाई खिडकीतून सूप विकतात. काल सहज चाखलं आणि चमचा हातातच राहिला. थेट आईच्या हातची चव.

बाई माझा चेहरा बघून म्हणाल्या, "तू त्यांची मुलगी ना? आजारपणात रोज यायच्या. मला शेजारी उभं करून शिकवलं. म्हणायच्या, माझ्यामागे घरच्यांना ही चव कुठेतरी मिळायला हवी."

आणि आपल्याला वाटायचं, आई फिरायला जाते.

आज बाबांसाठी आणून गरम करत ठेवलं. वास घरभर पसरला. आई गेल्यापासून हूं की चूं न करणारे बाबा आतून म्हणाले, "अगं ए, कधी आलीस?" अशी हाक ते फक्त आईलाच मारायचे. ते लगबगीने स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले, मला पाहिलं आणि तसेच मागे फिरले.

त्यांच्यासमोर जायचा धीर होत नाही, म्हणून मावशीकडे जातेय. आल्यावर त्यांना तूच वाढ. फक्त सूप गरम करण्याआधी त्यांच्या खोलीचं दार लावून घे.