एकदाच ओढून पाहायचं

माय, तुझं मशीन माझ्याकडे आहे. तू गेलीस तेव्हा शेलूबाजारचं दुकान रिकामं करताना सगळे एकमेकांकडे पाहत होते, की ह्या पायमशीनचं आता करायचं काय. आणि जिला तुटलेलं बटण धड लावता येत नाही ती मी, ते जीपच्या टपावर बांधून वाशीमला घेऊन आले. शिवायला म्हणून नाही, ते दुसऱ्या कुणाकडे गेलेलं पाहवलं नसतं म्हणून. इतकी वर्षं त्याच्यावर आधी टीव्ही होता, मग तुळशीची कुंडी, मग इस्त्रीला द्यायच्या कपड्यांचा ढीग. सध्या त्याच्यावर दवाखाना आहे. प्रोटीन पावडरचा डबा, ताप मोजायची कांडी, बीपी पाहायचं यंत्र, आणि बोटाला चिमट्यासारखं लावायचं आणखी एक, ज्यात छातीचे ठोके दिसतात. यातली पावडर सोडून डॉक्टरांनी मला काहीही आणायला सांगितलेलं नव्हतं.

सांगूनच टाकते. मी पोट कापून घेतलं. वजन कमी करायला. तुझा चेहरा मला इथून दिसतो आहे, डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर गेलेला आणि तोंडात धरलेली टाचणी तशीच. "धडधाकट पोट कायले कापलं व? तोंड शिवून घेतलं असतं तं म्या फुकटात करून देल्लं असतं." हे तू म्हणशीलच, म्हणून मीच म्हणून घेते. लोक हसायच्या आधी आपण हसून मोकळं व्हायचं, हा माझा शाळेपासूनचा धंदा आहे. त्यावरच पोट भरत आले. पेपरातल्या माझ्या सदरात दर आठवड्याला पुढाऱ्यांची पोटं मोजते, आणि माझं स्वतःचं मात्र इतकं झालं होतं की खुर्चीतून उठताना खुर्चीही सोबत उठायची. पण कापून घेतलं ते त्यासाठी नाही. तुझी साखर माझ्याकडे आली, मशीनसारखीच, न मागता. तुझ्या पायाच्या अंगठ्याची ती जखम मी विसरलेले नाही. पायडल मारताना लागलं असेल म्हणत तू तिच्यावर हळद दाबत राहिलीस, आणि मग अकोल्याच्या दवाखान्याच्या पायऱ्या तू स्वतःच्या पायांनी चढलीस त्या चढलीसच, उतरली नाहीस. माझ्या पायाला मुंग्या यायला लागल्या तेव्हा मी नागपूर गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. पोटाचा मोठा भाग कापून काढायचा, उरलेल्याची केळ्याएवढी नळी ठेवायची आणि कापलेली कड बारीक बारीक पिना मारून बंद करायची. मला चटकन कळलं. झंपर ढगळ झाला की तू आतून घ्यायचीस, तसंच.

ऑपरेशन चांगलं झालं. पहिले दिवस पाणी, मग वरणाचं पाणी, मग पातळ खिमट, सगळं सांगितल्याबरहुकूम. साखर उतरली, गुडघे बोलायचे थांबले. आणि मग भेटायला येणारे सुरू झाले. आपल्याकडची भेटायला येणारी माणसं तुला माहीत आहेत. येताना केळी आणतात आणि जाताना कुणाच्या तरी मरणाची हकिगत ठेवून जातात. रिसोडहून यांच्या नात्यातल्या एक काकू आल्या. जी मी खाऊ शकत नव्हते त्या बिस्किटांचा पुडा माझ्या उशाशी ठेवला, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "चांगलं झालं बाई तुयं. आमच्या व्याह्याच्या भाचीनंबी हेच केलं होतं. घरी आली, हसत-खेळत होती. मंग एक दिवस आतून उसवलं म्हने." मी विचारलं, "मग?" काकूंनी नुसता हात हलवला, माशी उडवावी तसा. आणि चहात साखर कमी पडली म्हणून मागून घेतली.

उसवलं. तुझ्या पोरीला हा शब्द, विचार कर. त्या दिवसापासून मी माझ्या पोटात तुझं दुकान पाहायला लागले, म्हणजे शिलाई, तिचा टोकाचा टाका, आणि त्या टोकापासून हळूच सुटत चाललेला दोरा. ढेकर आली की वाटायचं, गेला एक टाका. डाव्या बरगडीखाली कळ आली की बोटाला चिमटा. ठोके वाढलेले असायचे, कारण भीतीने ते वाढतातच, आणि वाढलेले पाहून आणखी भीती. ताप पाहायचा, नसला तर कांडीच बिघडली असेल म्हणून यांच्या काखेत घालून पाहायची. माझा नवरा एसटीत कंडक्टर होता, आता घरी असतो. गर्दीतल्या माणसांची त्याला सवय आहे, पण एकाच बाईतल्या गर्दीची नाही. "अवो," तो म्हणाला, "मले ताप नाई, तुले ताप नाई. आता काय शेजारच्याले बोलावू?"

आणि मी घट्ट काही खायचं सोडलं. सांगायची खरी गोष्ट ही आहे. डॉक्टरांनी परवानगी देऊन कितीतरी आठवडे झाले होते. मऊ भात, कुस्करलेली पोळी, अंडं, मग भाकरी, लहान घास घेऊन, चावून चावून. मी आपली वरणाच्या पाण्यावर. घट्ट घास म्हणजे शिलाईवर ताण, हे मी मनाशी ठरवून टाकलं होतं. ज्या बाईने आयुष्यभर पंगतीत शेवटपर्यंत बसून दाखवलं ती आता घासाला घाबरायला लागली. केस कंगव्यात यायला लागले, जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी. नागपूरला तपासणीला गेले तर डॉक्टर रिपोर्ट बाजूला ठेवून म्हणाले, "मॅडम, शिलाई सुटायची भीती असते ती सुरुवातीच्या दिवसांत. तुमची पक्की धरलेली आहे, मी आत्ताच रिपोर्टात पाहिली. ताप आला, पोटात सहन न होणारं दुखलं, उलट्या थांबेचनात, काही न करता छाती धडधडत राहिली, तर रात्र असो की दिवस, तडक या, वाट पाहू नका. पण आज तुमच्या जिवाला जो धोका आहे तो तुम्ही जेवत नाही हा आहे. असंच चाललं तर पुढच्या खेपेला मी तुम्हाला परत पाठवणार नाही, भरती करून घेईन." भरती म्हटल्याबरोबर मला त्या पायऱ्या दिसल्या, तुझ्या. जाताना त्यांनी एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. त्या माझ्यापेक्षा पुष्कळ लहान. हसल्या नाहीत, हे विशेष. म्हणाल्या, असं बऱ्याच जणांना होतं, यात वेड्यासारखं काही नाही. तपासायचं तर सकाळी एकदा तपासा, मग यंत्रं कपाटात. मी मान डोलावली आणि घरी येऊन सगळी यंत्रं तुझ्या मशीनवर पुन्हा ओळीने मांडली.

परवा भाचीच्या लग्नाची पत्रिका आली, आसेगावहून. घालायला एकही झंपर अंगाला बसेना. आरशात पाहिलं तर खुंटीला टांगल्यासारखा माझ्या खांद्यांवर लोंबत होता. नवरा दारातून म्हणाला, "याच्यात तं अजून एक पाहुणी बसते. शिंप्याकडे देऊन टाक." पण शिंप्याकडे गेलं की माप आलं, आणि माप म्हटलं की मला तूच आठवतेस. रस्त्याकडेच्या त्या खोलीत, निम्म्या पडद्याआड, आसेगावच्या जीपमधून उतरलेल्या बायकांची तू मापं घ्यायचीस. टेप पाहिला की प्रत्येक बाई पोट आत ओढून श्वास धरायची. तू टेप तसाच धरून गप्पा काढायचीस. "मंग? जावई येते का घरी?" बाई जावयावर सुरू झाली, की श्वास सुटायचा, पोट आपल्या जागी यायचं आणि तू माप घेऊन मोकळी. आकडा कधी तोंडाने बोलली नाहीस. लठ्ठ बाईला म्हणायचीस, "बरोबर हाय." बारकीलाही तेच. मी खाटेवर बसून भाकरीचा पापुद्रा खात ते पाहत असायचे. गरम भाकरीचा वरचा पापुद्रा उचलून, त्यावर तेल, तिखट, मीठ. भाकरी घरात सगळ्यांची होती, पापुद्रा फक्त माझा.

शिंप्याकडे गेले नाही. दुपारी मशीनवरचा दवाखाना उचलून पलंगावर ठेवला, पट्टा चढवला, तेल घातलं. दोरा ओवायला मला चष्मा लागतो, हे तुला सांगते, बाकी कुणाला सांगत नाही. झंपर उलटा केला, टाचण्या मारल्या आणि पायडल मारलं. शिलाई गेली ती आसेगावच्या जुन्या रस्त्यासारखी, आधी डावीकडे, मग उजवीकडे, मध्ये एक खड्डा. संपल्यावर तुझ्यासारखा दोन्ही हातांत कपडा धरून झटका दिला. शिवून झालं की तू असंच करायचीस, गिऱ्हाइकासमोर, सगळा जोर लावून. "फाटाचं तं अथीच फाटू दे, बजारात नोको." मग दातांनी दोरा तोडायचीस आणि त्या कपड्याकडे पुन्हा पाहायची नाहीस. मी एक झटका दिला. शिलाई टिकली. मला पटेना. पुन्हा दिला. पुन्हा. काखेपाशी, कमरेपाशी, मग परत काखेपाशी.

आणि तेव्हा मला शाळेतली ती झेंड्याची सकाळ आठवली. त्याच्या आदल्या वर्षी झेंड्याच्याच दिवशी रांगेत खाली बसताना माझा स्कर्ट मागून टर्रकन फाटला होता. सगळी शाळा हसली, मास्तरही. कुणीतरी तुला निरोप दिला आणि तू सुई-दोरा घेऊन तशीच आलीस, शाळेच्या मागे नेऊन अंगावरच टाके घालायला लागलीस. अंगावर शिवताना तोंडात काडी धरतात, म्हणून गवताची काडी माझ्या दातांत दिलीस, त्यामुळे मला मोठ्याने रडताही येईना. तू एक शब्द बोलली नाहीस. जाड आहेस, कमी खा, काहीच नाही. पुढच्या वर्षी नवा स्कर्ट शिवलास, दुहेरी शिलाईचा. आणि मी त्या सकाळी तयार होऊन दारात उभी, दोन्ही बाजूंनी स्कर्ट ओढून पाहते आहे. ओढते, पाहते, पुन्हा ओढते. तू पायडल थांबवलंस. "काहून ओढून राह्यली?" मी म्हटलं, "फाटला तं?" "म्या ओढला ना एकडाव?" "हो, पण फाटला तं?" तू उठलीस आणि पाठीत एक धपाटा घातलास, चांगला आवाजाचा. "घडीघडी ओढशीन तं चांगली शिलाईबी उसवन. फाटल्यावरच समाधान होते का तुयं? जाय, बस जाऊन रांगेत. फाटला तं मी हावो ना अथीसा."

मी गेले. बसले. फाटला नाही.

झंपर माझ्या मांडीवर पडलेला होता आणि पाठीत तुझा धपाटा होता. मी हसायला लागले, एकटीच, इतकी की नवरा पंखा बंद करून पाहायला आला. मी त्याला शिलाई दाखवली. त्याने चष्मा लावून निरखली आणि म्हणाला, "हे तुवा केलं? वाकडी हाय." मग त्यानेही ओढून पाहिली, घंटीची दोरी ओढावी तशी. "पन धरली पक्की." मी म्हटलं, माझी वाकडी शिलाई टिकते, तर त्या डॉक्टरने इतकं शिकून मारलेल्या पिना का टिकू नयेत? तो म्हणाला, "हे मी कवापासून सांगून राह्यलो." त्याने कधीही सांगितलेलं नव्हतं, पण मी भांडले नाही. विचारलं, भाकरी आहे का. त्याने डब्याचं झाकण उघडून पाहिलं. मग म्हणाला, "मीच केली होती सकाळी. जाड झाली जराशी. चालते का?"

पापुद्रा काही त्याच्या भाकरीला आलेला नव्हता. मी सुरीने वरचा पातळ थर सोडवला, अगदी नखाएवढा तुकडा, त्यावर तेल, तिखट नाही, मीठ. तिखट अजून मला झेपत नाही. स्वयंपाकघरातल्या पाटावर बसून तो इतका वेळ चावला की नवरा म्हणाला, एवढ्यात एसटी मेहकरला पोचली असती. तुकडा गेला. खाली उतरला. काही झालं नाही. मग दुसरा. समुपदेशक बाईंना हे सांगेन, भीती गेली असं मात्र सांगणार नाही. ती आहेच, खाटेवर बसून पाहते आहे. पण लग्नाला जाईन, पंगतीत बसेन आणि कुणी आग्रह केला तर पानावर आडवा हात धरेन.

यंत्रं कपाटात ठेवली आहेत. तुझ्या मशीनवर आता फक्त दोऱ्याची रिळं आहेत, आणि हे पत्र कुठे पाठवायचं ते ठाऊक नसल्यामुळे रिळांखाली हे पत्र. जेवण झाल्यावर, तू सांगितलंस तसं, पोटावर हात ठेवून एकदाच पाहिलं, धरलं आहे की नाही.

खरं सांगू, माय? दोनदा.