शेवंडींच्या जागेची जुनी नोंद न बदलण्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
सामायिक नोंद कक्ष, तीन धक्के सहकारी संघ,
टर्नस्टोन कोव्ह, मेन, अमेरिका.

विषय : आमच्या बोटीची 'शेवंडी (लॉबस्टर) कोठे मिळाल्या' ही नोंद चुकीची असली तरी तशीच राहू देण्याबाबत.
संदर्भ : आपली दि. ९ जुलैची नोटीस (१५ तारखेपर्यंत नोंद न सुधारल्यास धक्क्यावर माल घेणार नाही).

महोदया,

१. संघातील चौदा बोटी व तिन्ही खरेदीदार यांनी संगणकाच्या एकाच पडद्यावर एकमेकांची माहिती पाहावी, असा ठराव मे महिन्यात झाला. हात मीही वर केला होता. तो सभेतल्या फुकट कॉफीच्या भरात, हे आता कबूल करतो.

२. प्रत्येकाने सापळे कोठे टाकले ते भरायचे होते. आमच्याकडे माणूस बायकोशी झालेले भांडण चारचौघांत सांगेल, पण सापळ्यांची जागा सख्ख्या भावाला सांगणार नाही. साहजिकच तेरा जणांनी जागेच्या रकान्यात मेथडिस्ट चर्चचे पटांगण भरले. पडद्याने ते मुकाट्याने स्वीकारले. बोस्टनच्या एका हॉटेलाने तर 'फक्त त्याच ठिकाणच्या' शेवंडी मागवल्या. शेजारच्या बोटीचे एव्हरेट बील यांना मी छेडले, तर म्हणतात, "देवाच्या दारात मिळाल्या म्हटलं, यात खोटं काय रे?"

३. खरी जागा भरणारा गाढव मी एकटा. दुसऱ्याच सकाळी माझ्या वडिलांपासूनच्या खडकाभोवती तेराही बोटींच्या बोयांची जत्रा भरली होती. माझी मुलगी लॉर्ना यंदा प्रथमच बोट चालवते. म्हणाली, "बाबा, खरं बोलायची हौस तुम्हाला, आणि सापळे रिकामे माझे!" दोन दिवस मला अन्न गोड लागले नाही.

४. परंतु तेरा बोटी माझ्या खडकाशी, म्हणजे त्यांच्या तेरा जागा मोकळ्या. त्या कोठे आहेत हे मला गेली चाळीस वर्षे अजिबात 'माहीत नाही'. तेव्हापासून लॉर्नाचे सापळे भरून येतात; नोंदीत जागा मात्र अजून तो जुना खडकच आहे. आपला पडदा म्हणतो, त्या खडकाशी इतक्या शेवंडी असूच शकत नाहीत. बरोबर आहे, तिथे आता एकही उरलेली नाही. पण पडद्यावर आमचा माल पाहून ती मंडळी तिथेच चिकटून बसली आहेत.

५. नोंद सुधारली तर ते माघारी फिरतील. न सुधारली तर आपण माल घेणार नाही. दोन्हीकडून पोरीचा पहिला हंगाम बुडतो. तरी ऑक्टोबरअखेरपर्यंत मुदत मिळावी. हा अर्जही कृपया कागदी फाइलीतच ठेवावा. पडद्यावर चढवल्यास तेराही जण वाचतील.

आपला, एरवी प्रामाणिक,
एल्डन थर्लो
दि. ११ जुलै

सोबत :
१) लॉर्नाच्या परवान्याची प्रत.
२) सध्याच्या जागेचा नकाशा : आपण मागितला आहे. जोडलेला नाही.