नरसक्काचा पाय

सोलापूर, मंगळवार, १९७६

बसला एकदाचा! भंगारातल्या मोटारीचा, विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह आज चादरींच्या प्रेसला लावला. सकाळभर हवा गळत होती. मीच शहाणा, नळी उलटी जोडलेली! बाजू बदलली, बॅटरीची तार लावली, बटण दाबलं. टक! हवेच्या जोरानं दट्ट्या सरळ खाली. इतकं सोपं होतं?

पायानं प्रेस दाबून दाबून नरसक्काचा गुडघा पार गेलाय, म्हणून तर हा खटाटोप. "आता पाय हलवायचाच नाही," मी बजावलं. "व्हय की, मिस्त्री." तिनं बटण दाबलं. टक! आणि पाय फरशीवर आपटला. दिवसभर तेच. टक, की पाय खाली.

संध्याकाळी निघताना मात्र रोजच्यासारखी लंगडत नव्हती. दारातून म्हणाली, "हात शिकला, मिस्त्री. पायाला उद्या सांगते."