हंडा रांगेत, बाई घरी

चैत्र वद्य षष्ठी, शके १८४२

काय रे कागदा, लिहून दिल्याबिगर तुझ्या काहीच ध्यानात राहत न्हाई! आमचे मालकही असेच होते. मला अक्षर येत न्हाई, पण कुठल्या लग्नात कोण रुसलं ते तोंडपाठ हाय. मी सांगते, दीर आप्पा लिहितात. नीट धर.

सिरसाळ्यात एकाच विहिरीला पाणी उरलंय. बायका पहाटे ओळीनं हंडे मांडतात. मग घरी जाऊन आलं तरी चालतं — पण पाळीला बाई हजर पाहिजे. न्हाई तर हंडा शेवटी. हा कायदा माझाच!

सप्तमी

पलीकडच्या वस्तीत पटकी आली म्हणतात, जुलाब-वांत्यांनी माणसं पटापट जातात. बायकांनी ठरवलं, ज्या घरात पटकी त्या घराचा हंडा विहिरीवर न्हाई. सगळ्यांत मोठ्यानं "हां" मीच म्हणाले.

अष्टमी

आज शेजारच्या केसरबाईचा हंडा माझ्या पुढं. ती दोनदा घरी पळाली. तिसऱ्यांदा गेली अन् नेमकी पाळी आली. मी तिचा हंडा पायानं सरकवत पार शेवटी नेला.

धापा टाकत आली. "मावशी, मी रांगेतच व्हते की!"

"रांगेत तुजा हंडा व्हता. तू कुठं व्हतीस?"

"घरी पाव्हणे आलेत वो. एक हंडा भरू द्या."

"मग पाव्हण्यांना ताक पाज!"

सगळ्या हसल्या. मी पण.

तिची पाळी येईपर्यंत तळ लागला. तिच्या पोहऱ्यात नुसता गाळ. तोच घेऊन गेली. भांडली सुदिक न्हाई.

नवमी

केसरबाई विहिरीवर आली न्हाई. रुसली असंल. रुसू दे! लई नखरे.

दशमी

पाव्हणे न्हवतेच. तिच्या नवऱ्याला, धुळाजीला, पटकी झालती. परवा तो पाणी पाणी करत व्हता. खरं बोलली असती तर आमी तिला विहिरीजवळ उभं केलं नसतं — म्हणून पाव्हणे.

आज सकाळी गेला. खांद्याला चौघं मिळायला दुपार झाली.

आप्पा विचारतात, "वयनी, पायानं सरकवला हे खोडू का?"

न्हाई. राहू द्या.

दशमी, दिवेलागण

तिच्याकडं आज चूल पेटायची न्हाई. आप्पा, सूनबाईला सांगा — चार भाकरी अन् पातळ पिठलं नेऊन दे. मिरची घालू नको, पोर ल्हान हाय तिची. अन् दारात ठेवून पळू नको म्हणावं. हातात दे.