हरतालिकेच्या दिवशी दोन गोळ्या

इंद्रलोक, भाईंदर पूर्व

प्रिय क्षितिजा,

अनेक आशीर्वाद. फोनवर तू “हो बाबा, हो बाबा” म्हणतेस आणि ठेवून देतेस, म्हणून लिहायला बसलोय. सातवीपर्यंतचं माझं शिक्षण, अक्षर सांभाळून घे.

आईचं बरं चाललंय. त्या सकाळी तिच्या हातातलं लाटणं सुटलं, तोंड वाकडं झालं, तेव्हा शेजारच्या सुलूवहिनींनी लगेच रिक्षात घातलं म्हणून निभावलं. झटका सौम्य आहे, मेंदूत रक्तस्राव नाही, गुठळी आहे, हे फोटोत बघूनच डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या एकत्र सुरू केल्या. दोन्ही तीन आठवडेच, मग एक बंद. या दिवसांत झटका परत येण्याची भीती जास्त, एकही दिवस चुकवू नका, जेवूनच घ्या, असं बजावलंय. पण दोन दोन गोळ्या म्हटल्यावर माझा जीव टांगणीला. जरा खरचटलं तर रक्त थांबेल का? विळी मी माळ्यावर टाकली, भाजी कात्रीने कापतो. रोज बॅटरी लावून तिच्या हिरड्या बघतो. ती चिडते. चिडताना शब्द स्पष्ट येतात, तेवढंच मला बरं वाटतं.

त्यात हरतालिका आली. लग्नापासून तिनं त्या दिवशी पाणीसुद्धा तोंडात घेतलेलं नाही. तू पोटात होतीस तेव्हाही ऐकलं नव्हतं. मला वाटलं, गेल्या आता गोळ्या. रागवायची हिंमत होत नव्हती आणि गप्पही बसवत नव्हतं. पूजा यंदा आमच्याकडेच होती. इमारतीतल्या बायका जमल्या होत्या. आई आंघोळ करून आली ती सरळ ताट घेऊन बसली. एकीने विचारलंच, अंबिकाताई, आज उपास नाही का? जीभ अजून जड आहे तिची, तरी सावकाश म्हणाली, “यांच्यासाठीच धरते ना? मग यांना सांभाळायला मी नको?” भाकरी खाल्ली, दोन्ही गोळ्या घेतल्या आणि मग वाळूच्या पिंडीसमोर पूजेला बसली. त्या घोळक्यात माझी मान कशी ताठ झाली म्हणून सांगू.

घरातला उपास चुकायला नको म्हणून तो मी धरला. सुलूवहिनी म्हणाल्या, भाऊ, पुढच्या जन्मी हीच बायको मिळवायचा बेत दिसतोय. दुपार कलली तशी मला घेरी आली आणि तुझ्या आईनंच चहा पाजला.

आता खरं ते लिहितो. नवरात्र तोंडावर आलंय. आई बरी व्हावी म्हणून तू नऊ दिवस कडक उपास बोललीयेस आणि उपासात तू रक्तदाबाची गोळी घेत नाहीस, हे जावईबापूंकडून कळलं. कळल्यापासून मला झोप नाही. आईला सांगितलं, तर तिनंच मला कागद आणून दिला. तेव्हा पहिल्या माळेला सकाळी पोटभर खा आणि गोळी घे. सासरी कुणी बोललं तर ताठ सांग, मी अंबिकेची मुलगी आहे.

तुझाच,
बाबा